इंजिन मागे का? पोर्शे, फेरारी आणि आपल्या गाडीवरचा जीव

दोन गाड्या समोरासमोर ठेवू. एक पोर्शे ९११ टर्बो एस, २०२० साली आलेली. ताकद ६५० अश्वशक्ती, वजन १,६४० किलो. दुसरी फेरारी एफ८ ट्रिब्युटो, २०१९ ची. ताकद ७२० अश्वशक्ती, आणि तेल-पाणी-पेट्रोल धरून वजन साधारण १,४३५ किलो. म्हणजे फेरारी अंगाने हलकी आणि ताकदीने जास्त. आता उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग आधी कोण गाठेल?

पोर्शे. कंपन्यांच्याच आकड्यांप्रमाणे तिला २.७ सेकंद लागतात, फेरारीला २.९. पण थांबू नका, ॲक्सिलरेटर तसाच दाबून ठेवा. ताशी २०० ला फेरारी ७.८ सेकंदांत पोचते आणि पोर्शेला ८.९ सेकंद लागतात.

या दोन गाड्यांवरून वाद घालणारे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. एक जण पहिला आकडा सांगतो, दुसरा दुसरा, आणि दोघंही खरं बोलत असतात. मी स्वतः ९११ च्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो. पण हे आकडे असे उलटेपालटे का होतात हे समजलं, की कोणाची गाडी भारी याच्यापेक्षा कितीतरी चांगला प्रश्न हाती लागतो. कुठली गाडी कशासाठी बनलीय, आणि तिच्या माणसांचा तिच्यावर एवढा जीव का?

आधी पहिले १०० किलोमीटर बघू. गच्चीवरून दगड खाली सोडला तर २.७ सेकंदांनी त्याचा वेग ताशी साधारण ९५ किलोमीटर होतो. तेवढ्या वेळात तो सुमारे ३५ मीटर, म्हणजे अकरा-बारा मजले खाली आलेला असतो. ९११ टर्बो एस आडव्या रस्त्यावर त्या दगडापेक्षा जास्त जोराने वेग घेते. इतका जोर रस्त्यावर उतरवायचा तर इंजिनापेक्षा टायरची पकड महत्त्वाची. ओल्या फरशीवर धावायला गेलात तर मांड्यांत कितीही ताकद असो, पाय जागच्या जागीच घसरणार. गाडीचंही तसंच. पहिल्या दोन-अडीच सेकंदांत दोन्ही गाड्यांकडे लागते त्यापेक्षा जास्त ताकद असते. कमी पडते ती पकड.

आणि पकड कशी मिळते? टायरवर जितका भार, तितकी पकड. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं आहे, त्यामुळे साठ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या टायरांवर असतोच. गाडी उसळी घेते तेव्हा आणखी भार मागे सरकतो. शिवाय टर्बो एसची चारही चाकं इंजिनाला जोडलेली आहेत, त्यामुळे पुढच्या टायरांवर उरलेला भारही वाया जात नाही. फेरारीत फक्त मागची दोन चाकं गाडी ढकलतात. तिचाही ५८.५ टक्के भार मागेच आहे, पण पुढच्या दोन टायरांची पकड वेग घ्यायला उपयोगी पडत नाही. तिथेच ते ०.२ सेकंद जातात.

वेग वाढला की चित्र पालटतं. तिथे चाकं घसरायचा प्रश्न राहत नाही, उरते ती इंजिनाची निखळ ताकद आणि ओढायचं वजन. फेरारीकडे दर टनामागे साधारण ५०० अश्वशक्ती आहे, पोर्शेकडे ४०० च्या किंचित खाली. म्हणून १०० ते २०० मध्ये फेरारी निघून जाते. यात कोणाचंच काही चुकलेलं नाही. पहिल्या भागात टायरची परीक्षा होती, दुसऱ्या भागात इंजिनाची.

वजनाचे आकडे वाचताना एक काळजी घ्या. फेरारी आपल्या माहितीपत्रकात एफ८ चं वजन १,३३० किलो छापायची. हे ‘कोरडं वजन’. त्यात इंजिन ऑइल, पाणी, पेट्रोल धरलेलं नसतं, आणि वर गाडी हलकी करणारे ज्यादा पैशांचे सुटे भाग बसवलेले असतात. पोर्शे देते ते भरलेल्या गाडीचं वजन. दोन्ही आकडे तसेच शेजारी मांडले तर शंभरएक किलोंची तफावत नुसत्या मोजण्याच्या पद्धतीतून येते. घाऊक बाजारात पोत्यासकट वजन की पोतं वजा करून, हे विचारल्याशिवाय कोणी भाव ठरवत नाही. इथेही तेच विचारायचं.

ट्रॅकवरच्या वेळांचंही असंच. पोर्शे जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची वेळ अभिमानाने सांगते, फेरारी मारानेल्लोतल्या कारखान्याशेजारच्या स्वतःच्या फिओरानो ट्रॅकची. फिओरानो तीन किलोमीटरचा, आखूड वळणांचा. न्यूर्बुर्गरिंग वीस किलोमीटरहून मोठा, डोंगरझाडीतून चढत-उतरत जाणारा. त्यातही न्यूर्बुर्गरिंगची फेरी पूर्वी २०.६ किलोमीटरची मोजत, आता २०.८ ची मोजतात. २०२१ मध्ये पोर्शे ९११ जीटी२ आरएसने तिथे केलेल्या एकाच विक्रमी फेरीच्या म्हणूनच दोन वेळा नोंदल्या गेल्या, एक ६ मिनिटं ३८.८ सेकंद आणि दुसरी ६ मिनिटं ४३.३ सेकंद. गाडी तीच, चालक तोच, आणि फरक साडेचार सेकंदांचा.

पोर्शे आणि वेग हे शब्द एकत्र वाचताना पुण्याच्या वाचकाला मे २०२४ मधली कल्याणीनगरची ती रात्र आठवणार, मलाही आठवते. दोन तरुण जीव गेले. वर लिहिलेला एकही आकडा गावातल्या रस्त्यासाठी नाही, तो बंद ट्रॅकसाठी आहे. या गाड्यांवर खरं प्रेम करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये.

आता मूळ मुद्द्याकडे, इंजिनाच्या जागेकडे.

खांद्यावर पाण्याची कावड घेऊन उभं राहा. दोन टोकांना दोन भरलेले हंडे. आता जागच्या जागी गिरकी घ्यायचा प्रयत्न करा. सुरुवातीला कावड हलता हलत नाही, आणि एकदा फिरली की थांबता थांबत नाही. तेच दोन हंडे पोटाशी कवटाळून घ्या, वजन तेवढंच असूनही झटकन वळता येतं. गाडीतला सगळ्यात जड नग म्हणजे इंजिन. फेरारी एफ८, लॅम्बोर्गिनी हुराकान, मॅक्लारेन या गाड्यांनी ते चालकाच्या पाठीमागे, पण दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मध्ये, म्हणजे पोटाशी धरलं आहे. म्हणून त्या हात फिरवताक्षणी वळतात. ९११ ने मात्र हंडा कावडीच्या मागच्या टोकाला टांगलाय.

याचा त्रास कुठे होतो ते बारकाईने बघू. वळणात वेग जरा जास्त झाला, चालक घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. माणूस हेच करणार. पाय काढताच गाडी पुढे झुकते, भार पुढच्या टायरांवर जातो आणि मागचे टायर हलके पडतात. हलके टायर म्हणजे कमी पकड. नेमकं त्याच क्षणी मागे टांगलेलं इंजिन वळायला तयार नसतं, ते सरळ जायला बघतं. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि गाडी तोंड फिरवून आली तिकडे बघत उभी राहते. भीतीने जे सहज सुचतं, तेच जुन्या ९११ मध्ये सगळ्यात घातक होतं. त्यात १९७५ ला टर्बो आलं, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. त्या काळचं टर्बो पाय दाबल्यावर क्षणभर गप्प बसायचं आणि मग सगळी ताकद एकदम सोडायचं, बऱ्याचदा ऐन वळणाच्या मध्यावर. त्या गाडीला लोक ‘विधवा करणारी’ म्हणू लागले ते उगाच नाही.

मग असं इंजिन ठेवलंच का? एक कारण घराण्याचं. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेली फोक्सवॅगन बीटल मागे इंजिन असलेली होती, त्यातून १९४८ ला पोर्शे ३५६ झाली, आणि तिची वारस म्हणून १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात नवी गाडी आली. नाव होतं ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समधल्या प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून शून्याच्या जागी एक आला. दुसरं कारण सोयीचं. मधलं पोट मोकळं राहिल्यामुळे मागे दोन छोट्या सीट मावतात, लहान मुलं बसतात. एफ८ मध्ये दोनच माणसं. आणि तिसरं म्हणजे तोच टांगलेला हंडा सरळ रस्त्यावर आणि वळणातून बाहेर पडताना वरदान ठरतो, हे वर पाहिलंच. ब्रेक मारतानाही. बहुतेक गाड्या ब्रेक मारताना पुढे इतक्या झुकतात की मागची चाकं जेमतेम काम करतात. ९११ मध्ये मागे वजन टिकून असल्यामुळे चारही चाकं ब्रेकला खांदा देतात.

म्हणून ९११ चालवायची एक रीत पडली. ब्रेक वळणाच्या आधीच संपवायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा, गाडीचं तोंड वळणातून बाहेर पडायच्या दिशेला आलं की निःशंक दाबायचा. एकदा ही रीत पायात मुरली, की दुसऱ्या कुठल्याही गाडीत काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, असं जुने चालक सांगतात.

मला इथे बजाजची स्कूटर आठवते. चेतकचं इंजिन मधोमध नव्हतं, उजव्या बगलेत होतं. गाडी एका बाजूला ओढायची, आणि पावसाळ्याच्या सकाळी चालू होईना की तिला तिरकी करून, कानाशी घेतल्यासारखी धरून, मग किक मारायची. आमच्या घरी वडील ते इतक्या सराईतपणे करायचे की मला वाटायचं स्कूटर अशीच सुरू करतात. दुसऱ्या कोणी किक मारली तर ती चालू व्हायची नाही, आणि त्याचा वडिलांना त्रास नव्हता, आनंद होता. गाडीचा दोष त्यांनी शिकून घेतला होता, आणि शिकून घेतल्यामुळे गाडी त्यांची झाली होती.

ब्रँडवरची निष्ठा कशी तयार होते याचं मला पटलेलं उत्तर यातच आहे. जाहिरातीने माणूस शोरूमपर्यंत येतो, पण जन्मभराचा जीव जडतो तो गाडीच्या खोडीवर. जुन्या फेरारीवाल्यांना विचारा. त्या गाड्यांचं गिअरबॉक्समधलं तेल गार असेपर्यंत दुसरा गिअर पडायचा नाही. मालक पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचे आणि काही किलोमीटर गेल्यावर तो उघडा धातूचा दांडा खाचेतून खट्‌ करून दुसऱ्यात सरकवायचे. लॅम्बोर्गिनी काउंटाशमधून मागचं काही दिसायचंच नाही. तिचे सराईत चालक दार वर उचलून, उंबऱ्यावर बसून, धड बाहेर काढून मागे बघत गाडी रिव्हर्स घ्यायचे. कागदावर या सगळ्या चुका आहेत. त्या गाड्यांच्या माणसांसाठी या आठवणी आहेत.

निष्ठा किती ताकदवान असते याची सगळ्यात मोठी गोष्ट पोर्शेच्याच घरात घडली. सत्तरच्या दशकात कंपनीच्या वरिष्ठांचं मत पडलं की ९११ आता संपली, इंजिन मागे ठेवण्यात अर्थ नाही. जागा घ्यायला ९२८ तयार झाली, पुढे व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, मागे गिअरबॉक्स, वजन दोन्हीकडे जवळपास सारखं वाटलेलं. शास्त्राच्या दृष्टीने गाडी निर्दोष होती. १९७८ ला ती युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली, आणि आजवर हा मान मिळवणारी ती एकमेव स्पोर्ट्स कार आहे. तरीही लोक ९११ मागत राहिले.

१९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी. मुख्य अभियंता हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता, प्रत्येक गाडीचं भविष्य एकेका रेघेने दाखवलेलं. ९२८ आणि पुढेच इंजिन असलेली दुसरी पोर्शे ९४४ यांच्या रेघा लांब गेलेल्या, आणि ९११ ची रेघ १९८१ च्या शेवटी थांबलेली. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ९११ ची रेघ पुढे ओढायला सुरुवात केली. तक्ता संपला, ते भिंतीवर गेले, भिंतीवरून दाराच्या बाहेर. मागे वळून पाहिलं तर बॉट हसत होते. ९२८ चं उत्पादन १९९५ ला थांबलं. ९११ २०२४ या एका वर्षात पन्नास हजारांच्या वर विकली गेली.

म्हणजे निष्ठावंतांचं बरोबरच होतं? त्या वेळी होतं. मात्र त्यांनी ९११ वाचवली तरी अभियंत्यांना तो दोष आधीपासून आणि नंतरही कित्येक वर्षं घासून-पुसून काढावा लागला. १९६८ मध्येच मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली होती, म्हणजे इंजिनाचा लटकलेला भाग कमी झाला. पुढे वजन हवं म्हणून एका मोठ्या बॅटरीऐवजी पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बसवल्या. मग मागचे टायर रुंद झाले, शेपटीवर हवा दाबणारा पंख आला, १९८९ ला चारही चाकांना जोर देणारी कॅरेरा ४ आली, नंतर मागच्या चाकांना थोडं वळवणारी यंत्रणाही. आजची ९११ घाबरून पाय काढला तरी सहसा फिरत नाही.

आणि हेच निष्ठावंत चुकलेही. ९११ चं इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड होत असे. नव्वदच्या दशकात धुराचे आणि आवाजाचे नियम कडक झाले, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर नुसत्या हवेवर ते गार राहीनात. कंपनी पैशांच्या मोठ्या अडचणीत होती. १९९७ ला ९११ ची पाण्याने थंड होणारी नवी पिढी, ९९६, आली तेव्हा जुन्या भक्तांनी तिला स्वीकारायला नकार दिला, तिच्या दिव्यांना तळलेल्या अंड्यांची उपमा दिली. २००२ ला कायेन ही चार दारांची उंच गाडी आली तेव्हा तर काहींनी पोर्शे मेली असंच जाहीर केलं. पण बॉक्स्टर ही स्वस्तातली छोटी पोर्शे, ९९६ आणि कायेन यांच्या पैशांवरच ९११ जगली. मीही तेव्हा कायेनच्या नावाने बोटं मोडली होती. माझं चुकलं होतं.

फेरारीकडची निष्ठा वेगळ्या मातीची आहे. तिच्या मुळाशी एक माणूस आहे. एन्झो फेरारी यांनी १९४७ ला १२ सिलिंडरची १२५ एस ट्रॅकवर आणली, तेव्हापासून त्यांच्यासाठी गाडी म्हणजे इंजिन, बाकी सगळं त्याच्या सेवेला. इंजिन चालकाच्या मागे न्यायला ते बराच काळ राजी नव्हते. जनावर गाडी ओढतं, ढकलत नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे. बैलगाडी पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटेल. पण १९५९ ला कूपर या छोट्या इंग्लिश संघाने मागे इंजिन असलेल्या गाडीने फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद जिंकलं आणि फेरारीला रेसिंगमध्ये मान तुकवावी लागली. रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र १९६६ ला लॅम्बोर्गिनी मिउराने पोटात १२ सिलिंडर बसवून दाखवले, तेव्हा फेरारीचं १२ सिलिंडरचं इंजिन अजून बोनेटखालीच होतं. ते चालकाच्या पाठीशी आलं १९७३ मध्ये. ट्रॅक्टर बनवणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आपल्या फेरारीच्या क्लचला वैतागून एन्झोंकडे गेले होते आणि तिथल्या अपमानातून आपला कारखाना उभा राहिला, असं ते स्वतः सांगत. प्रतिस्पर्धी नसता तर फेरारी किती उशिरा बदलली असती, हा विचार फेरारीप्रेमींनी जरूर करावा.

दुसऱ्यांदा हा धक्का जपानने दिला. १९९० ची होंडा एनएसएक्स ॲल्युमिनियमची, पोटात व्ही६, काचेतून चहूकडे स्वच्छ दिसणारी, एसी नीट चालणारी आणि रोज ऑफिसला नेता येईल अशी होती. गाडी घडवताना फॉर्म्युला वनचा जगज्जेता आयर्टन सेनाने ती चालवून सूचना दिल्या होत्या. समोर होती फेरारी ३४८. लुका दी मोन्तेझेमोलो फेरारीचे प्रमुख झाल्यावर त्यांनी उघडपणे सांगितलं की मी विकत घेतलेल्या ३४८ ने माझी निराशा केली. १९९४ ला आलेली एफ३५५ ही त्याचीच भरपाई, आणि माझ्या मते फेरारीच्या सगळ्यात देखण्या गाड्यांपैकी एक. एनएसएक्स मात्र पंधरा वर्षांत अठरा हजारांच्या आसपासच विकली गेली. तिच्यात शिकून घेण्यासारखी खोडीच नव्हती.

फेरारीबद्दल आणखी एक कबूल करायला हवं, तो आवाज. तिच्या व्ही८ इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरकीत बदलणारा दांडा, चपटा असतो, म्हणजे स्फोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अगदी समान अंतराने होतात. धूर सारख्या ठेक्यात बाहेर पडतो आणि आवाज चढत चढत किंकाळीकडे जातो. अमेरिकी व्ही८ मध्ये दोन्ही बाजूंचा ठेका विषम असतो, म्हणून ती गडगडते. मराठी घरांत ही किंकाळी २००२ मध्ये सचिनमुळे पोचली. डॉन ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल त्याला मिळालेली लाल फेरारी ३६० मोडेना फेरारीचा फॉर्म्युला वन चालक मायकेल शूमाकरने त्याच्या हाती दिली, आणि कस्टम ड्यूटीवरून वादही झाला. त्या वर्षी शाळेत असलेल्या कितीतरी मुलांची बाजू तिथेच ठरली. इंजिन कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, सचिनचं हसू माहीत होतं. ही निष्ठाही मी खोटी मानत नाही.

२०२४ मध्ये ९११ हायब्रिड झाली. तिच्या जीटीएस या प्रकाराच्या टर्बोतच आता छोटी इलेक्ट्रिक मोटर आहे. धुराची वाट न बघता ती टर्बो फिरवते, आणि १९७५ चा तो घातक थांबा जवळजवळ नाहीसा झाला आहे. बॅटरीसकट वजन ५० किलोंनीच वाढलंय, आणि न्यूर्बुर्गरिंगवर ती जुन्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी वेगवान ठरली. डॅशबोर्डच्या मधोमध असायचा तो खऱ्या काट्याचा गोल आरपीएम मीटर मात्र गेला, तिथे पडदा आला. त्याचं दुःख करणारे खूप आहेत, मीही त्यांतला एक. किल्लीही गेली. पूर्वी फ्रान्समधल्या ले मां शर्यतीत चालक धावत येऊन गाडीत उडी मारायचे, आणि उजवा हात गिअरवर असताना डाव्या हाताने इंजिन चालू करता यावं म्हणून पोर्शेची किल्ली डावीकडे असायची. नव्या गाडीत तिच्या जागी बटण आलंय. ते त्यांनी डावीकडेच ठेवलं आहे.